ताशी पंचवीस

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. भाचीने परवा फोनवर दमच दिला, की मावशी, जिवंत आहेस का? आहे. गाडी शिकत होते. (हो, गाडी. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी. हसून झालं असेल तर पुढे वाचा.)

गाडी म्हणजे आपण पुण्यात जिला गाडी म्हणतो ती, दुचाकी. त्यातही विजेवर चालणारी आणि त्यातही सगळ्यात हळू. ताशी पंचवीस किलोमीटर, त्यापुढे ती जातच नाही. समोरच्या फ्लॅटमधला इंजिनिअरिंगचा मुलगा तिला "आज्जींचं विमान" म्हणतो. म्हणू दे. शिकवलं त्यानेच, त्यामुळे त्याला सगळं माफ आहे.

पण हे असं मधूनच सांगून कळायचं नाही. जरा मागे जाते.

१९८८ साली लग्न होऊन वाईहून पुण्यात आले ती यांच्या चेतकवर मागे बसले, आणि पुढची पस्तीस वर्षं मागेच बसले. मधे चेतक गेला, बिनगिअरची गाडी आली, साडीचा पंजाबी ड्रेस झाला, पण माझी बसायची पद्धत काही बदलली नाही. दोन्ही पाय एका बाजूला, उजवा हात यांच्या खांद्यावर, पिशवी मांडीवर, तोंड डावीकडे. त्यामुळे डाव्या हाताचं पुणे मला तोंडपाठ आहे. कर्वे रस्त्याने डेक्कनला जाताना डावीकडे कोणतं दुकान जाऊन कोणतं आलं, कुठल्या वाड्याच्या जागी काय उभं राहिलं, सगळं झोपेत सांगीन. समोरून काय येतंय ते मात्र कधी पाहिलं नाही. समोर यांची पाठ असायची.

शिकायचा प्रयत्न एकदा केला होता. १९९१ साली, दिरांच्या लुनावर. वाईला शाळेत असताना मी सायकल चालवायचे, तोल होता. लुनाला तर सायकलसारखे पायडलच. मला वाटलं, हातचा मळ आहे. पहिल्या दोन फेऱ्या बऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला समोर भाजीची हातगाडी आली, मी घाबरले, आणि घाबरलं की माणूस काय करतो? मूठ आवळतो. आवळता आवळता मूठ पिळली गेली, लुना पळाली आणि मी टोमॅटोत. लागलं फार नाही. गुडघा फुटला, हातगाडीवाल्याला पैसे द्यावे लागले. हे धावत आले, मला उठवलं, लुना उचलली आणि म्हणाले, "जाऊ दे. तुला नाही जमायचं. मी आहे ना."

रागावले असते तर मी दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले असते कदाचित. पण ते फार मायेने म्हणाले. त्यामुळे तिथेच संपलं.

असो.

२०२३ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. आम्ही दोघं कर्वे पुतळ्याकडून येत होतो. डावीकडच्या गल्लीतून एक शाळेतली मुलगी सायकलवर बाहेर आली. चांगली हळूहळू आली, मला दिसत होती. मी म्हटलं, "अहो, सायकल." हे तसेच पुढे. मी ओरडले, "अहो, सायकल!" तेव्हा ब्रेक लागला. पुढचं चाक तिच्या मागच्या चाकाला घासून गेलं. ती पोर पडली नाही, देवाची कृपा. हे मात्र मनापासून म्हणाले, "ही एकदम कुठून आली?"

घरी येऊन मी विचार करत बसले, की "अहो सायकल", "अहो रिक्षा", "अहो खड्डा" हे मी हल्ली किती वेळा म्हणते? वर्षभर तरी म्हणत होते. आम्हा दोघांनाही ते नेहमीचं बोलणं वाटत होतं.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, दोन्ही डोळ्यांत. या आजारात नजर बहुतेक कडेकडून जाते. मधली पुष्कळ काळ शाबूत राहते, म्हणून ज्याची जाते त्याला पत्ताच लागत नाही. हे रोजचा पेपर वाचत होते, सुडोकू सोडवत होते, टीव्हीवरची खालून सरकणारी बारीक पट्टी वाचत होते. यांना कुठे कमी दिसत होतं? एका यंत्रासमोर बसवून, समोरच्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि आजूबाजूला दिवा चमकलेला दिसला की बटण दाबायचं, अशी तपासणी केली. त्याचा कागद डॉक्टरांनी आमच्यापुढे ठेवला. मधे पांढरं आणि भोवती काळं. गेलेलं परत येत नाही, थेंब टाकून डोळ्यांतला दाब कमी ठेवायचा आणि उरलेलं राखायचं. आणि गाडी बंद.

हे काही बोलले नाहीत. घरी आल्यावर गाडीची किल्ली देवघराच्या खणात ठेवली. महिन्याभराने गाडी विकली. गिऱ्हाईक घेऊन जात असताना हे खाली गेलेच नाहीत, मीच कागद दिले. मला वाटतं त्या दिवसापासून आमचं घर चौथ्या मजल्यावर राहायला लागलं. आधी ते रस्त्यावर होतं.

कारण गाडी नसली की छोटी कामं मोठी होतात. बँक दीड किलोमीटर, औषधांचं दुकान एक, भाजी सव्वा. रिक्षावाल्याला एवढं जवळ यायचं नसतं. ॲपवरून बोलवावी तर तो फोन करून विचारणार कुठे जायचंय, आणि ऐकून रद्द करणार. चालत जावं तर जाताना ठीक, येताना पिशव्या आणि आमच्या सोसायटीचा चढ. हे तर बाहेर पडायचेच बंद झाले. "काय आणायचंय ते सांग, आणू सावकाश," म्हणायचे आणि ते सावकाश कधी यायचंच नाही.

बंगळूरची लेक म्हणाली, आई, तू का नाही शिकत?

आता खरं सांगते, माझ्या डोक्यात पहिल्यांदा आली ती चेतकच. हल्ली इलेक्ट्रिक चेतक मिळते. बजाजने २०१९ च्या ऑक्टोबरात ती दाखवली, २०२० च्या जानेवारीपासून पुण्यात आणि बंगळुरात बुकिंग सुरू झालं. नाव ऐकून यांचेही डोळे लकाकले. यांची जुनी चेतक सकाळी सुरू व्हायला तयार नसली की तिला एका अंगावर झोपवून, मग उभी करून किक मारायचे, ते आठवून आम्ही हसलोही. पण ही नवी चेतक ताशी साठच्या वर पळते, वजन शंभर किलोच्या पुढे, आणि तिला रीतसर लायसन्स लागतं. आरटीओची परीक्षा म्हटल्यावर माझ्या पोटात लुना फिरली.

मग कळलं की एक दुसरी जात आहे. मोटर २५० वॉटच्या आतली, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन साठ किलोच्या आत असेल, तर नियमाप्रमाणे ती गाडी 'मोटार वाहन' ठरतच नाही. लायसन्स नको, आरटीओची नोंदणी नको, नंबरप्लेट नको. हे ऐकून हे म्हणाले, "म्हणजे ते खेळणं आहे." आणि दुसऱ्या दिवशी २०२२ साली इलेक्ट्रिक स्कूटरना आगी लागल्या होत्या त्याच्या बातम्या मोबाईलवर शोधून मला वाचून दाखवल्या. मी म्हटलं, त्यानंतरच तर सरकारने बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक केले, डिसेंबर २०२२ पासून. अशा चाचण्या आपल्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआयमध्येसुद्धा होतात. रोज सकाळी तुम्ही ज्या टेकडीवर फिरायला जात होता तिथेच. यावर यांना उत्तर सुचलं नाही. (मी लेकीकडून पाठ करून आले होते, हे त्यांना आज इथे वाचून कळेल.)

दुकानातला अनुभव मात्र सांगायलाच हवा, पुढे कुणी घ्यायला गेलात तर उपयोगी पडेल. तिथला पोऱ्या हळूच म्हणाला, "काकू, पंचवीस फार हळू होतं. एक वायर काढून देतो, चाळीस पळेल." मी विचारलं, मग ती बिनलायसन्सची राहील का? तर हसला. नाही राहणार, हे उघड आहे. वेग वाढवला की ती नियमातल्या सवलतीतून बाहेर पडते, आणि धडक झालीच तर निस्तरायचं आपण. मी वायर जागेवर ठेव म्हटलं. शिसाच्या बॅटरीची गाडी स्वस्त होती, पण जड होती आणि ती बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागते असं त्यानेच सांगितलं. म्हणून लिथियमची घेतली. सीटवर बसून दोन्ही पाय पुरते जमिनीला टेकतात ना, एवढं एकच मी स्वतःच्या अकलेने बघितलं. आजही म्हणेन, माझ्या वयाच्या नवशिक्या बाईने बाकी काही नाही पाहिलं तरी चालेल, हे पाहावं.

२०२४ च्या दसऱ्याला गाडी आली. झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. पूजा यांनीच केली, पण खेळण्याची करावी तशी.

आणि तिसऱ्याच दिवशी मी वॉचमनच्या खुर्चीवर चढवली.

झालं काय, की ही गाडी आवाजच करत नाही. चालू आहे की बंद ते कानाला कळतच नाही. मी उतरून, गाडी हाताने ढकलत जागेवर लावत होते. उजव्या मुठीला धरून ढकलली, मूठ पिळली गेली, आणि गाडी चालूच होती! पेट्रोलची गाडी आधी घरघरते, मग ओढते. विजेची मोटर पहिल्या इंचापासून सगळा जोर देते. नशीब, वॉचमन चहाला गेला होता. खुर्चीचा पाय मोडला. (नवीन दिली.)

मी वर येऊन गप्प बसले. मनात १९९१. यांनी बाल्कनीतून सगळं पाहिलं होतं. आता म्हणतील, जाऊ दे, तुला नाही जमायचं. मी वाटच बघत होते. ते म्हणाले नाहीत. बराच वेळ काहीच बोलले नाहीत, आणि मग म्हणाले, "उतरायच्या आधी किल्ली काढत जा."

समोरच्या मुलाने मग नीट सांगितलं. ब्रेकचा दांडा दाबला की मोटरचा पुरवठाच तुटतो, मूठ कितीही पिळलेली असो. म्हणून घाबरलीस की ब्रेक दाब, बाकी काही करू नको. पंधरा दिवस त्याने माझ्याकडून एवढंच करून घेतलं. सोसायटीच्या आवारात मी चालवायची, तो कुठूनही "काकू!" ओरडायचा, की मी दोन्ही ब्रेक दाबायचे. सायकलसारखे दोन्ही हातांतच ब्रेक, पायाला काही काम नाही. क्लच नाही, गिअर नाही. माझी आवळणारी मूठ तीच होती, पण आता बोटं दांड्यावर असायची. दिवाळीपर्यंत मी गल्लीत गेले. दिवाळीनंतर बँकेत.

त्या दिवशी बँकेतून परत येताना मला कळलं की आमच्या रस्त्याला समोर टोकाला टेकडी दिसते. इतकी वर्षं त्या रस्त्याने येतेय!

आता हिशेब. बॅटरी काढून घरात आणता येते, दहा किलोच्या आसपास आहे, लिफ्ट आहे म्हणून ठीक. साध्या प्लगला लावायची. एका वेळी दीड-पावणेदोन युनिट वीज जाते. युनिटला दहा-बारा रुपये धरले तरी वीस रुपयांच्या आसपास. कंपनी म्हणते साठ किलोमीटर, मला चाळीस-पंचेचाळीस मिळतात. आठवड्याला एकदा-दोनदा चार्जिंग पुरतं. लांबून आल्या आल्या गरम बॅटरी लावायची नाही आणि पार शून्यावर आणायची नाही, ही दोन पथ्यं. चार्जिंगचं खातं हळूहळू यांनी आपल्याकडे घेतलं. कॅलेंडरवर तारखा लिहितात. दुधाच्या खाड्यांशेजारी.

कौतुक झालं, आता तक्रार. या गाडीने मोठ्या रस्त्यावर जाऊच नये, या मताला मी आले आहे. पौड रस्त्यावर मी एकदा गेले, परत नाही. सगळे पन्नासने चाललेले असताना आपण पंचवीसने जाणं म्हणजे रस्त्यात उभं राहिल्यासारखंच. मागून हॉर्न, बाजूने बस, आणि पळून सुटायची सोय नाही. आतल्या गल्ल्यांतून मात्र ती राणी आहे. आणि हेल्मेट मी घालते. नियमाने नसेल लागत, पण पडताना रस्ता काही विचारत नाही, मोटर किती वॉटची म्हणून. पुण्यात कायद्याने लागत असताना न घालणारे इतके, की कायद्याने लागत नसताना घालणारी मी, ही बातमी व्हायला हरकत नाही.

आणि चढ. एकटी असले तर सोसायटीचा चढ ती कुरकुरत चढते. मागे कुणी बसलं तर... तेच सांगायचं आहे.

हे मागे बसत नसत. दसऱ्यापासून पुढच्या पावसाळ्यापर्यंत एकदाही बसले नाहीत. मी कधी म्हटलंही नाही. भाजीच्या पिशव्या, सिलिंडरचं पुस्तक, शेजारच्यांची नात, सगळे त्या सीटवर बसून आले. हे नाही. दर तीन महिन्यांनी डोळे तपासायला जायचं तर रिक्षानेच.

यंदाच्या जुलैत एका संध्याकाळी डॉक्टरांकडे जायचं होतं. पाऊस नुकताच थांबलेला. तीन रिक्षा रद्द झाल्या. चौथ्याने फोनच उचलला नाही. सहा वाजले, साडेसहाची वेळ होती. हे खुर्चीत बसून, बूट घालून, फाईल मांडीवर धरून वाट बघत होते. ती फाईल धरण्याची पद्धत बघून मला कसंतरीच झालं. मी किल्ली घेतली आणि म्हटलं, "अहो, चला."

काही न बोलता उठले. खाली आले. माझ्या मागे बसले, दोन्हीकडे पाय टाकून. क्षणभर हात कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. मग खांद्यावर ठेवला.

जाताना सगळा उतार. मी गल्ल्यागल्ल्यांतून नेलं. प्रत्येक वळणावर त्यांचा उजवा पाय फूटरेस्टवर दाबला जात होता, मला खालून थरथर कळत होती. चेतकचा पायातला ब्रेक दाबत होते. मी पाहिलं नाही असं दाखवलं. मागे कोण बसलंय ते आरशात दिसतंच, पण बघितलं नाही.

डोळ्यांतला दाब ठीक निघाला. तपासणीचा कागदही मागच्यासारखाच, काळं वाढलं नव्हतं. परत येताना अंधार पडला होता.

सोसायटीच्या चढाला गाडीने मान टाकली. मोटर चालू, मूठ पूर्ण पिळलेली, आणि वेग माणसाच्या चालीइतका. तिचा तरी काय दोष, अडीचशे वॉट आणि आम्ही दोघं खात्यापित्या घरचे. हे म्हणाले, "थांब, मी उतरतो." उतरले आणि माझ्या डाव्या हाताला, रस्त्याच्या कडेने चालायला लागले. मी त्यांच्या बरोबरीने, तेवढ्याच चालीने गाडी चालवत होते.

थोडं गेल्यावर ते थांबले. "आहेस ना गं?"

मी अगदी शेजारी होते, हातभर अंतरावर. पण बाजूचं त्यांना दिसत नाही, आणि गाडीला आवाज नाही. त्यांच्या लेखी मी निघून गेले होते. "आहे ना," मी म्हटलं. पुन्हा दहा-पंधरा पावलं. पुन्हा, "आहेस ना?"

मग मी हॉर्नवर अंगठा टेकवला. छोटासा, एकदाच. पीं.

ते हसले आणि चालायला लागले. गेटपर्यंत दर थोड्या वेळाने मी हॉर्न देत होते आणि ते समोर बघत चालत होते. वॉचमनने गेट उघडलं, आधी हॉर्न कशाला म्हणून माझ्याकडे बघितलं, मग आपली खुर्ची उचलून बाजूला ठेवली.